मिरजेला तंबोरा घ्यायला निघण्याआधी

तंबोरा घ्यायचं मनात आलं की पहिल्यांदा आपली पट्टी, म्हणजे ज्या सुराला ‘सा’ धरून गाता तो, पक्की करा, पैशांचा हिशेब नंतर. गुरूंसमोर बसून ठरवा, आणि पुढची काही वर्षं जी पट्टी गाणार आहात तीच धरा. घरातल्या वाढत्या वयाच्या मुलासाठी घेत असाल तर त्याचा आवाज फुटून स्थिर होईपर्यंत थांबा. तोवर रियाजाला इलेक्ट्रॉनिक तंबोरा पुरतो. पट्ट्यांची नावं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून पडली आहेत. काळी एकच्या आसपास गाणाऱ्या पुरुषांचा तंबोरा साधारण पाच फुटी असतो, काळी चार-पाचला गाणाऱ्या स्त्रियांचा चार-साडेचार फुटी. तारेची लांबी, जाडी आणि ताण हे सगळं पट्टीवर बेतलेलं असतं. मोठ्या तंबोऱ्याची तार पट्टीच्या वर ओढली तर ती तुटते किंवा आवाज आवळून जातो. लहान तंबोऱ्याची फार उतरवली तर ती ढिली पडून नुसती भणभणते. तुमची पट्टी या दोहोंच्या मधे, पांढरी तीन-चारला पडत असेल तर तसं कारागिराला फोनवर आधीच सांगून ठेवा. दोन तंबोऱ्यांची जोड हवी असेल तर तेही आत्ताच सांगा, कारण एक आज आणि दुसरा तीन वर्षांनी घेतला तर दोघांचा आवाज एकमेकांत मिसळेलच असं नाही.

तंबोरा पुण्या-मुंबईच्या दुकानांतही मिळतो. तरीही मिरजेलाच जा, असं मी आग्रहाने सांगते. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे वाद्यं घडवायला घेतली, आणि त्या घराण्यांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की जो माणूस तंबोरा घडवतो तोच पुढे त्याची जवारीही काढून देतो, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज खुलवून देतो. ही ओळख विकत घेता येत नाही. दुकानात घेतलात तरी तंबोरा कोणाच्या हातचा आहे ते विचारा. नाव सांगता येत नसेल तर पुढे जा.

पावसाळ्यात जाऊ नका. लाकूड फुगलेलं असतं, खुंट्या आवळलेल्या असतात, आवाज दमट येतो, आणि त्या हवेत केलेली निवड उन्हाळ्यात वेगळीच निघते. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. निघण्याआधी फोन करून तयार तंबोरे किती आहेत ते विचारा. दोन-तीन तरी शेजारी ठेवून ऐकता आले पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? सोबत एक असा माणूस न्या ज्याच्या कानावर तुमचा विश्वास आहे. त्याला तंबोरा छेडायला सांगा आणि तुम्ही सात-आठ पावलं लांब उभे राहा, मग जागा बदला. मांडीवर घेतलेला तंबोरा सगळाच गोड वाटतो.

आता हात लावून बघायच्या गोष्टी. भोपळा हा खायचा नव्हे, कडू भोपळा असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठावरून तो मिरजेला येतो आणि पुरता वाळल्यावरच कामाला घेतात. बोटाच्या पेराने सगळीकडून हलकेच वाजवून बघा. एखाद्या जागी आवाज एकदम फुटका आला तर उजेडात नेऊन पाहा, पॉलिशखाली सांधलेली चीर असू शकते. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, घोडीखाली खचलेली नको. खालच्या टोकाकडून एक डोळा मिटून दांडीवर नजर टाका, बाक लगेच कळतो. भोपळा आणि दांडी जुळतात त्या सांध्यावर नख फिरवा. खुंटी फिरवून सोडली की जागेवर राहिली पाहिजे. थोडी सरकत असेल तर खडूने काम भागतं, पण धक्के खात फिरत असेल तर ती नीट बसवून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ जवारीला द्या. घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका बाक दिलेला असतो. तार त्या बाकाला टेकत-सुटत थरथरते आणि म्हणून तंबोरा असा झणकारतो. घोडीवर तारेखाली दोरा असतो. कारागीर तो बोटाने केसभर पुढे-मागे करतो आणि मघाशी ठोकळ वाटणारी तार एका क्षणात खुलते. हे शेजारी बसून बघा, दोरा कुठे थांबतो ते लक्षात ठेवा, आणि मग स्वतः सरकवून बघा. घरी हे तुम्हालाच रोज करायचं आहे. दोरा कुठेही नेला तरी एखादी तार खुलत नसेल तर घोडी पुन्हा घासावी लागेल. ते काम तुमच्यासमोरच करून घ्या, ‘नंतर पाठवा’वर सोडू नका. फार खुली जवारी दुकानात मोह पाडते, पण घरी तासभर गायला बसल्यावर ती कानाला टोचते. मी किंचित गोल आवाज निवडेन.

शेवटी चारही तारा जुळवून घ्या आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची तार, ऐका. जवारी नीट असेल आणि तार सुरात असेल तर त्या षड्जातून (सा) गांधार (ग) आपोआप ऐकू येतो. हाच स्वयंभू गांधार. तो तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीचा उपस्वर आहे, आणि तो उमटतो म्हणजे घोडीने आपलं काम चोख केलं आहे. सर सी. व्ही. रामन यांनाही या घोडीचं कुतूहल होतं. १९२१ च्या सुमारास त्यांनी तंबोऱ्यासारख्या तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला. तुम्हाला गांधार ऐकू येत नसेल तर सोबतच्या माणसाला विचारा. दोघांनाही येत नसेल तर तो तंबोरा खाली ठेवा, कितीही देखणा असला तरी.

नक्षीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. बजेट कमी असेल तर पहिली कात्री तिथेच लावा, साधा तंबोरा आवाजाला कुठेही कमी नसतो. घोडी आणि सजावट कशाची आहे ते मात्र स्पष्ट विचारा. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांच्या व्यापाराला कायद्याने बंदी आहे, आणि परदेशी नेणाऱ्याला विमानतळावर त्याचा जाब द्यावा लागेल.

पैसे देण्याआधी जादा तारांचे दोन संच, थोडा दोरा आणि जाड अस्तराची गवसणी मागून घ्या. पावतीवर पट्टी आणि तारांचे नंबर लिहून घ्या. एसटीच्या डिकीत तंबोरा टाकू नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसने येत असाल तर आपल्या बर्थवर, भोपळा भिंतीकडे करून ठेवा आणि तारा थोड्या उतरवून ठेवा. विमानासाठी फायबरची पेटीच लागेल. घरी भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्या, उन्हापासून आणि पंख्याच्या थेट वाऱ्यापासून दूर ठेवा. नव्या तारा सुरुवातीला रोज उतरतील, त्या धीराने चढवत राहा. काही दिवसांनी त्या स्थिरावल्या की तारांमध्ये ओवलेले मणी हलवून बारीक सूर मिळवा, आणि तरीही एखादी तार बंद वाटत असेल तर कारागिराला फोन लावून ती त्याला ऐकवा.