मांजर नखं कापू देत नाही? या चुका टाळा

एकाने मांजर टॉवेलात धरली, दुसऱ्याने नेलकटर उघडलं. पाच मिनिटांनी मांजर कपाटावर, दोघांच्या हातांवर ओरखडे आणि कापून झालेली नखं फक्त दोन. हे दर वेळी होत असेल, तर चूक हाताची नाही, हिशेबाची आहे.

मांजरीला साधारणपणे अठरा नखं असतात. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. ती सगळी आजच उरकायची हा हट्टच बहुतेक भांडणांचं मूळ असतो. घरात राहणाऱ्या मांजरीची नखं दोन-तीन आठवड्यांनी कापावी लागतात. रोज एक कापलं, तरी अठरा दिवसांत फेरी पूर्ण! भांडखोर मांजरीसाठी मला याहून सोपा मार्ग दिसत नाही. (कोणतं नख झालं हे विसरायला होतं, तेवढं कुठेतरी लिहून ठेवा.)

दुसरी चूक म्हणजे एरवी पंजाला हातही न लावणं आणि एक दिवस थेट नेलकटर घेऊन बसणं. आधी काही दिवस नुसता पंजा हातात घ्या, बोटाची गादी हलकेच दाबा, नख बाहेर आलं की सोडा आणि लगेच आवडता खाऊ द्या. खाऊ दहा मिनिटांनी दिला, तर तो कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही. नेलकटरचा आवाजही असाच, काही न कापता, ओळखीचा करून द्या. वेळ निवडायची ती मांजर पेंगुळलेली असतानाची.

मानगूट धरून दाबून ठेवू नका. पिल्लांना आई तशी उचलते खरी, पण मोठी मांजर त्याने शांत होत नाही, धास्तावते. तिची पाठ आपल्या पोटाला टेकेल अशी मांडीवर घ्या. टॉवेल वापरायचाच तर एकच पंजा बाहेर ठेवा. टॉवेल पाहूनच ती बिथरत असेल, तर तो नाद सोडा. शेपूट आपटू लागली, कान मागे गेले की त्या दिवसापुरतं थांबायचं. चावेपर्यंत वाट पाहू नका.

कापताना

नखाच्या आत गुलाबी भाग दिसतो. तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतात. त्याच्या दोन मिलिमीटर अलीकडेच थांबा, फक्त पुढची पारदर्शक आकडी कापा. एकदा तिथे कळ गेली की पुढचे कितीतरी दिवस ती पंजा देणार नाही. बोथट पातं नख कापत नाही, चिरडतं. रक्त आलंच, तर कॉर्नफ्लोअर लावून काही मिनिटं दाबून धरा. थांबत नसेल तर डॉक्टरांकडे न्या.

पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूचं, अंगठ्यासारखं नख हमखास राहून जातं. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही आणि वळून गादीत रुतू शकतं. म्हाताऱ्या मांजरींमध्ये हे जास्त होतं, कारण त्यांची नखं जाड होतात आणि ओरबाडणंही कमी होतं. इतके दिवस गुपचूप पंजा देणारी मांजर अचानक फिस्कारू लागली, तर आधी तो पंजा नीट पाहा. सूज, जखम किंवा सांधेदुखी असू शकते.

घरात नखाची पोकळ टरफलं सापडली तर घाबरू नका, जुना थर असाच गळतो.

आणि तिला शांत करायला माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजरीच्या जिवावर बेततं. काहीच जमत नसेल, तर डॉक्टर तपासून नखं कापण्याआधी द्यायचं औषध लिहून देतात, किंवा स्वतःच कापून देतात.