गाण्यात पीएचडी करताय? विषय ठरवण्याआधी ध्वनिमुद्रणं तपासा

एम.ए. संगीत झालं, मंचप्रदर्शनात चांगले गुण मिळाले, आता पीएचडी करू का, असं विचारायला दरवर्षी काही मुलंमुली माझ्याकडे येतात. गळा असतो, तयारी असते आणि पीएचडी म्हणजे एम.ए.च्या पुढची पायरी, आणखी मोठी मैफल, अशी मनात एक समजूत असते. ती आधी काढून टाका. आपल्याकडे, नागपूर विद्यापीठात असो की खैरागडच्या संगीत विद्यापीठात, पीएचडी प्रबंधावर मिळते. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ म्युझिकल आर्ट्स’ ही वेगळी पदवी आहे. तिथे जाहीर मैफली, एखादं सप्रयोग व्याख्यान आणि जोडीला लेखन यांवर निर्णय होतो. आपल्या प्रबंधात तुमचा गळा तुम्हाला वाचवायला येत नाही. तुम्ही काय ऐकलंत, ते कसं मोजलंत आणि कसं मांडलंत, एवढंच तिथे बघतात.

नियम तुम्ही वाचलेच असतील. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत. जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएचडी प्रवेशालाही धरतात, म्हणून नेट टाळू नका. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये म्हणजे घरी कुणापुढे हात पसरावा लागत नाही. एक नियम मात्र मुलं वाचत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. ज्यांच्याकडे जायचं ठरवलंय त्यांचं निवृत्तीचं वर्ष आधी विचारा. संकोच वाटतो, तरी विचारा.

गाइड मोठा गायक असलाच पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. गाण्यासाठी गुरुजी आहेत ना? गाइड असा हवा की दिलेलं प्रकरण पंधरा दिवसांत वाचेल आणि समासात प्रश्न लिहून परत देईल. नुसतं ‘छान आहे, पुढे चला’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा, नाव कितीही मोठं असो. आणि गुरुजींना सगळं आधी सांगा. शिष्य विद्यापीठात गेला की रियाझ सुटतो ही त्यांची भीती खोटी नाही.

आता ज्या जागी माझं जवळजवळ वर्ष गेलं तिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती कुठल्याच कोर्सवर्कमध्ये मला कुणी दाखवली नाही.

सादरीकरणावर संशोधन म्हटलं की मुख्य पुरावा ध्वनिमुद्रणांचा. विदर्भातल्या एका दिवंगत गवयांच्या घरगुती बैठकी हा माझा विषय. नागपुरातल्या महाल आणि धरमपेठेतल्या जुन्या रसिकांकडे टेपचे स्पूल होते. त्यांवरून कुणी कॅसेटी केल्या, कॅसेटींवरून एमपीथ्री, आणि पेनड्राइव्हवरून ते माझ्यापर्यंत आलं. तोच गायक, तेच राग, त्याच बंदिशी, मध्ये बऱ्याच वर्षांचं अंतर. पट्टी, म्हणजे गवयाचा षड्ज हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीवर बसतो ते, लावून बघितली तर जुन्या बैठकीत पांढरी दोन, नंतरच्या बैठकीत अर्धा स्वर खाली, काळी एक. लयही तशीच, जुना विलंबित एकताल नंतरच्यापेक्षा जलद. वय वाढलं, पट्टी उतरली, लय ठाय, म्हणजे संथ झाली. एक अख्खं प्रकरण तयार होतं आणि वाचणाऱ्याला ते लगेच पटलं असतं.

दोन्ही फरक टेपच्या वेगाचे होते.

हे नीट समजून घ्या. टेप मूळ वेगापेक्षा सहा टक्के जलद फिरली की सगळं गाणं एका अर्धस्वराने चढतं. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. चार सेकंदांची मात्रा पावणेचारच्या आसपास येते आणि तासाभराचा राग साडेछप्पन मिनिटांत संपतो. पण षड्जापासून गंधार जितका दूर होता तितकाच राहतो, कारण सगळे स्वर एकाच प्रमाणात सरकतात. भूप राग भूपच राहतो. म्हणून तयार कानालाही काही खटकत नाही. रागरूप, बढत, तिहाईची जागा यांबद्दल तुम्ही त्या टेपवरून निर्धास्त लिहू शकता. पट्टी, लय आणि आवाजाचा पोत यांबद्दल वेग तपासल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

हे फक्त घरगुती टेपांचं नाही. जुन्या तबकड्यांना आपण सरसकट ७८ फेऱ्यांच्या म्हणतो, पण १९०२ साली कोलकात्यात गायिका गौहरजानची ध्वनिमुद्रणं झाली त्या काळात वेग प्रमाणित नव्हता. ७६ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८ वर वाजवली तर स्वर जवळजवळ पाव स्वराने चढतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पट्टीवर लिहायचं असेल तर यूट्यूबवर ऐकलं एवढं पुरत नाही.

तपासायचं कसं? आपली वीज ५० हर्ट्झची. विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेल्या जुन्या मुद्रणात तिची बारीक घरघर बहुधा उतरलेली असते. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या वारंवारितांचं चित्र) उघडा, अगदी तळाशी एक आडवी रेघ दिसेल. ती ५० वर असेल तर ठीक. ५३ वर असेल तर तुमची प्रत सहा टक्के जलद आहे. कधी दोन रेघा दिसतात, तेव्हा ५० वरची बहुधा नंतर प्रत काढताना शिरलेली असते आणि दुसरी मूळ बैठकीतली. त्या काळी पुरवठ्याची वारंवारिताही खालीवर व्हायची, म्हणून एकदोन टक्क्यांच्या फरकावर काही उभारू नका. बॅटरीवरच्या टेपरेकॉर्डरला ही रेघ बहुधा नसते. तिथे पट्टीबद्दल गप्प राहणं हेच प्रामाणिक. प्रबंधात तसं स्पष्ट लिहा. परीक्षक त्यावरून अडवत नाहीत, उलट विश्वास ठेवतात.

प्रत्येक मुद्रणाची नोंद ठेवा. बैठक कुणाच्या घरी, साल कशावरून ठरवलं, मूळ स्पूल की कॅसेट, प्रत कुणी काढली, तुम्हाला कुणी दिली. प्रबंध विद्यापीठाबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. ‘हे मला कुठे ऐकायला मिळेल?’ असं त्यांच्यापैकी एकाने विचारलं तर पेनड्राइव्ह हे उत्तर होत नाही. कुटुंबीयांचं संमतिपत्रही घ्या. ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं, कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. संशोधनासाठी ऐकून त्यावर लिहायला कायद्याने मुभा आहे, पण तेच मुद्रण तुम्ही इंटरनेटवर टाकलंत तर गोष्ट वेगळी. दिल्लीची संगीत नाटक अकादमी, कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी, गुरुग्रामचं अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं संग्रहालय इथे नोंद असलेली सामग्री आहे. थोडी कमी मिळाली तरी चालेल, तिच्यावर पाय रोवून उभं राहता येतं.

मुलाखती स्वतः मुद्रित करणार असाल तर आपल्या गावाचं हवामान ध्यानात घ्या. एप्रिल-मेमध्ये ७५ वर्षांच्या बुवांना कूलर बंद करा म्हणणं माणुसकीला धरून नाही, आणि कूलर सुरू असला की त्यांनी गुणगुणून दाखवलेली मंद्रातली जागा त्या आवाजात बुडून जाते. दिवाळीनंतर जा. नाहीच जमलं तर पहाटे.

‘सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहून देतो, प्रबंधही करून देतो’ असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याकडे फिरकू नका. पैसे जातात ते जातात, पण व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, जाहीर असतो आणि तिथे बंदिशीच्या सहाव्या मात्रेवर तुम्ही अमुक अर्थ का लावलात ते तुम्हालाच सांगायचं असतं. मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघणाऱ्या साम्यतपासणीची धास्ती मात्र घेऊ नका. १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर कारवाई नाही, संदर्भ देऊन उद्धृत केलेला मजकूर त्यात धरत नाहीत. तुमचं स्वतःचं श्रवण लिहाल तर ते दुसऱ्या कुणाशी जुळणारच नाही.

नुसत्या नोकरीसाठी पीएचडी करत असाल तर थोडं थांबा. २०१८ च्या यूजीसी नियमांत सहायक प्राध्यापकपदासाठी कलावंतांचा वेगळा मार्ग आहे. विषयातली पदवी, नामवंत गुरूंकडे तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी आणि विषय तर्काने समजावून सोदाहरण शिकवण्याची क्षमता, यांवर अर्ज करता येतो. ज्याचा जीव गाण्यातच आहे त्याने आधी ती श्रेणी मिळवावी असं माझं मत आहे. पीएचडी नंतरही होते, गळ्याची ऐन उमेदीची वर्षं मात्र परत येत नाहीत. आणि जे करणार आहात त्यांनी घाबरू नका. रियाझ कमी होतो, पण मोजून ऐकायची सवय लागली की स्वतःच्या गाण्यातल्या सैल जागा स्वतःला ऐकू येऊ लागतात. मला आल्या.

आराखडा जमा करण्याआधी हाताशी असलेल्या पाच मुद्रणांची वर सांगितली तशी तपासणी करा आणि ती पानं गाइडपुढे ठेवा. त्यांतली दोनच टिकली तर विषय तेव्हाच बदला. नोंदणी झाल्यावर शीर्षक बदलायचं म्हणजे अर्ज, समितीची बैठक आणि पुढची तारीख.