अंगावर व्हिलन वागवायचा असेल तर या चुका टाळा

माझ्या उजव्या दंडावर, खांद्यापासून कोपराच्या वर चार बोटांपर्यंत, बॅटमॅनच्या कॉमिक्समधल्या जोकर या व्हिलनचा टॅटू आहे. तीन वर्षांपूर्वी काढला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक होतं. आज त्याला कावीळ झाल्यासारखी दिसते. डोक्यावरच्या हिरव्या केसांत दोन ठिकाणी टक्कल पडलंय आणि मी हात दुमडला की त्याचं ते प्रसिद्ध हसू दातदुखीसारखं वाकडं होतं. यात आर्टिस्टचा दोष किती आणि माझा किती, यावर मैत्रिणींत अजून वाद चालतो. माझ्या हिशेबात बारा आणे माझा. तो सांगत होता आणि मी ऐकत नव्हते.

पांढऱ्या तोंडाचा हट्ट

सगळ्यात महाग पडलेली चूक आधी सांगते. मोबाइलवर जसा दिसतो तसाच्या तसा जोकर मला हवा होता. चुन्यासारखं तोंड, लाल ओठ, हिरवे केस, जांभळा कोट. आर्टिस्ट म्हणाला, "ताई, तोंड कोरं सोडू या, पांढरी शाई नको." मला वाटलं, हा कामचुकारपणा करतोय.

शाई कातडीच्या अगदी वरच्या थरात बसत नाही. तो थर सतत झडत असतो, तिथे ठेवलेली शाई महिनाभरात निघून जाईल. सुई तिला त्याखालच्या थरात सोडते, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल. म्हणजे चित्रावर कायम तुमच्याच कातडीचा एक पडदा राहतो आणि कातडीचं स्वतःचं रंगद्रव्य त्या पडद्यात असतं. कोऱ्या चहाने भरलेल्या काचेच्या ग्लासातून पलीकडचा पांढरा रुमाल पाहा. तो जसा दिसतो, तशी गव्हाळ किंवा सावळ्या कातडीखालची पांढरी शाई दिसते. पहिले काही आठवडे जखम ताजी असल्याने ती झकास उठून दिसते, फोटोही तेव्हाच काढले जातात. इन्स्टाग्रामवरचे बहुतेक फोटो त्या पहिल्या तासाभरातले असतात. म्हणून आर्टिस्टचं काम पाहायला गेलात तर ताजे फोटो बाजूला ठेवा आणि दोन-तीन वर्षं जुने, आपल्यासारख्या रंगाच्या हातावरचे टॅटू दाखवायला सांगा. दाखवायला नसतील तर दुसरीकडे जा.

काळा, गडद लाल, गडद हिरवा, निळा आणि जांभळा हे रंग आपल्या कातडीवर चांगले टिकतात. पिवळा, फिकट गुलाबी, आकाशी आणि पांढरा हे रुसतात. त्यामुळे व्हिलन निवडतानाच थोडा विचार केलेला बरा. स्पायडरमॅनचा शत्रू व्हेनम आपल्यासाठी जणू बनवून पाठवलाय: सगळं अंग काळं, आणि डोळे व छातीवरचा कोळी पांढरा. तो पांढरा म्हणजे नुसती मोकळी सोडलेली कातडी, शाईचा प्रश्नच नाही. डॉक्टर डूमचा पोलादी मुखवटा काळ्या-करड्या शेडिंगमध्ये सुंदर उतरतो आणि झगा गडद हिरवा असतो. थॅनॉस जांभळा आहे, त्याचंही भागतं. अवघड आहे तो जोकरच. त्याला घ्यायचाच असेल तर गालावर, कपाळावर काही भरू नका. मागची पार्श्वभूमी काळी-जांभळी गडद करा, म्हणजे मधली कोरी कातडी आपोआप उजळ वाटते. रंग ओठांना आणि कोटाला.

मनात शंका असेल तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला हव्या त्या रंगांचे मसुराएवढे ठिपके काढून घ्या आणि दीड महिना थांबा. रंग कसा बसतो ते कळतं, आणि ॲलर्जी असली तर तीही बरेचदा तिथेच कळते. शाईच्या ॲलर्जीत लाल रंग सगळ्यात बदनाम आहे. जोकरच्या ओठांपुरता तो ठीक, पण कार्नेजसारखा नखशिखांत लाल व्हिलन पाठीवर घ्यायचा असेल तर हे ठिपके चुकवू नका.

कुठला जोकर, कुठला व्हेनम?

"जोकर काढा" म्हणणं म्हणजे हॉटेलात जाऊन "भाजी आणा" म्हणण्यासारखं आहे. हा माणूस १९४० पासून कॉमिक्समध्ये आहे आणि दर चित्रकाराने त्याची हनुवटी, दात, केस वेगळे काढलेत. तुम्ही चार वेगळ्या ठिकाणचे चार फोटो नेलेत तर आर्टिस्ट त्यांचा पाचवाच कुणीतरी बनवतो. व्हेनमचं तेच. १९८८ मध्ये तो पूर्ण रूपात आला तेव्हा त्याला दात होते, पण ती लांब लोंबती जीभ नव्हती. ती नंतरच्या चित्रकाराने दिली. तुम्हाला जुना हवाय की जीभवाला, हे स्टुडिओत जायच्या आधी ठरवा. एकाच चित्रकाराची तीन-चार चित्रं न्या, मोठ्या आकारात न्या. जुन्या छपाईतला चौकट-दोन चौकटींचा फोटो ताणून मोठा केला की छपाईचे ठिपके आणि रेघांचा गाळ तेवढा मोठा होतो.

एक खास गोची टू-फेसची, म्हणजे बॅटमॅनच्या अर्ध्या जळक्या चेहऱ्याच्या शत्रूची, हार्वी डेंटची. कॉमिक्समध्ये त्याचा जळका भाग त्याच्या डाव्या बाजूला असतो. आर्टिस्टकडे टॅबलेटवर चित्र उलटवणं एका बोटाचं काम आहे, आणि पोटरीवर नीट बसावं म्हणून ते सहज उलटवलं जातं. एका मित्राच्या पायावर असाच उजवीकडून जळालेला हार्वी डेंट आहे. वर गंमत अशी की आरशासमोरच्या सेल्फीत तो बरोबर दिसतो, त्यामुळे त्याला वर्षभर पत्ताच नव्हता. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी कातडीवर उमटवलेला चित्राचा ठसा, लागल्यावर आरशात पाहून हो म्हणू नका. कुणाला तरी समोरून साधा फोटो काढायला लावा आणि तो मूळ चित्राशेजारी धरून पाहा.

हात सपाट कागद नसतो

माझं स्टेन्सिल मी खुर्चीत, हात टेबलावर पसरून लावून घेतलं. तिथे हसू सरळ होतं. माणूस दिवसभर हात टेबलावर पसरून राहत नाही. स्टेन्सिल उभं राहून, हात सैल सोडून लावायचं, मग हात दुमडायचा, वर करायचा, फोनवर बोलतो तसा कानाशी न्यायचा. डोळे, ओठ, नाक कोपराच्या खोबणीत किंवा काखेच्या कडेला येत असतील तर पुसून पुन्हा लावायला सांगा. दोनदा सांगा, तीनदा सांगा. चांगला आर्टिस्ट चिडत नाही. चेहऱ्याची नजरही शक्यतो अंगाच्या पुढच्या बाजूला असावी. मागे पाहणारा चेहरा पळून चालल्यासारखा वाटतो.

आणि रेघा. मला जोकरच्या डोळ्याभोवती केसाएवढ्या बारीक सुरकुत्या हव्या होत्या. कातडीत शाई वर्षागणिक थोडी पसरतेच. आज तिथे एक राखाडी डाग आहे. माझ्या आजीच्या हातावर तुळस आणि पाच ठिपके गोंदलेले आहेत, लग्नाच्या आधी गोंदणारणीने काजळीत गोंदलेले. रंग हिरवट झालाय, कडा फुगल्यात, पण साठ वर्षांनंतर तुळस ती तुळसच दिसते, कारण दोन रेघांत जागा सोडली होती. माझा जोकर पाहून आजी म्हणाली, "हे भूत कशाला गं?" आणि मग बोट फिरवून, "इथे फारच गिचमिड झालंय." स्टुडिओत तिला न्यायला हवं होतं.

म्हणून मोठा टॅटू खरोखर मोठाच घ्या. पैसे वाचवायला पाठीचं चित्र तळहाताएवढं करू नका. त्यापेक्षा तेवढ्या जागेत फक्त डूमचा मुखवटा घ्या, झगा आणि किल्ला सोडून द्या.

चित्राखाली मराठी अक्षरं घालणार असाल तर एक उपचिठ्ठी: काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, वेलांटी मागे-पुढे होते. "सर्वनाश"चा रफार उडाला की उरतो "सवनाश". कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून द्या आणि स्टेन्सिल मोठ्याने वाचा.

एका दिवसात संपवायची घाई

पूर्ण दंड, पाठ किंवा मांडी एका बैठकीत होत नाही, आणि होत असली तरी करू नये. चार-पाच तासांनंतर कातडी सुजते, शाई घेईनाशी होते, आणि दमलेल्या हाताची सुई खोल गेली की शाई रेघेच्या बाहेर निळसर सावलीसारखी पसरते. याला ब्लोआउट म्हणतात. तो टच-अपने, म्हणजे नंतर पुन्हा शाई भरून, जात नाही, फक्त शेडिंगखाली लपवता येतो. आधी आउटलाइन, मग तीन-चार आठवडे थांबून शेडिंग, मग रंग, असं जाऊ द्या. किती बैठका आणि टच-अपचे पैसे वेगळे का, हे आगाऊ देण्याआधी विचारा.

दुखू नये म्हणून घरून बधिर करणारं क्रीम फासून, वर प्लास्टिक गुंडाळून जाणारे मी पाहिलेत. हे नका करू. त्यात लिडोकेन असतं आणि मोठ्या भागावर, झाकून लावलं तर ते रक्तात जातं. झटके येण्यापर्यंत, हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये टॅटूसारख्या कामांसाठी विकल्या जाणाऱ्या जादा तीव्रतेच्या अशाच क्रीमबद्दल इशारा दिला होता आणि चार टक्क्यांची मर्यादा सांगितली होती. त्याऐवजी पोटभर जेवून जा, आदल्या रात्री दारू नको, सोबत गूळ-शेंगदाण्याची चिक्की ठेवा.

सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं, शाईच्या छोट्या वाट्या नव्या, हातमोजे बदललेले. यात कमी-जास्त दिसलं तर उठून या, आगाऊ गेलं तर गेलं. जुनी जखम कधी मूळ जागेबाहेर फुगून वाढली असेल तर खांदा आणि छाती टाळा, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कधी काढायचा, आणि कुणी काढू नये

मी ऑगस्टमध्ये काढला. पंधरा दिवसांत ढोल पथकाचा सराव जोरात होता. उजव्या हातात टिपरू, कुर्त्याची बाही दंडावर घासतेय, घामाने चिकटपट्टीची कड सुटलीय. हिरव्या केसांतली दोन टकलं तिथलीच आहेत. वरवर भरायलाच दोन-तीन आठवडे लागतात, आतून आणखी काही महिने. तोवर घासणं, पोहणं, कडक ऊन नको. गोव्याच्या सहलीत पहिल्या दिवशी टॅटू आणि दुसऱ्या दिवशी समुद्र हा बेत तर मुळीच नको. माझ्या मते दिवाळीनंतरची थंडी सगळ्यात सोयीची. रक्तदान नियमित करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर खंड पडेल, हेही धरून चाला.

आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनो, थांबा. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या नियमांत धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं, तेही सलाम न करणाऱ्या डाव्या हाताच्या कोपरापुढच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा लहान. उजव्या दंडावरचा थॅनॉस कुठल्याच कलमात बसत नाही.

काहीतरी बिघडल्यासारखं वाटतंय?

पहिले दोन दिवस चादरीला शाई आणि चिकट पाणी लागतं, घाबरू नका, जुनी चादर घाला. चौथ्या-पाचव्या दिवशी रंगीत साल सुटू लागते. ती ओढू नका, खाजवलं तर सालीबरोबर रंग येतो. फारच खाज आली तर वरून हलकी चापट मारा. तिसऱ्या आठवड्यात चित्र दुधाळ, मळकट वाटतं. ती नवी कातडी आहे, महिन्याभरात उजळतं. साधा साबण, कोमट पाणी, टिपून कोरडं, मग मलमाचा अगदी पातळ हात. हळद नको, टूथपेस्ट नको, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं स्टिरॉइडचं मलम तर नकोच नको.

लाली रोज पसरतेय, पू आलाय, ताप आहे, लाल रेघ वर सरकतेय, तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फक्त लाल रंगाचा भाग महिन्यांनंतरही उंचवट्यासारखा आणि खाजरा राहिला तर ती बहुधा ॲलर्जी. त्यावर टच-अप म्हणजे तेच विष आणखी भरणं.

रंग तुटक बसलाय एवढंच असेल तर दीड महिना हात लावू नका, मग टच-अप.

लेझर की दुरुस्ती

माझ्या जोकरसाठी मी लेझरचीही चौकशी केली. काळी शाई त्याला लवकर दाद देते, हिरवी आणि निळी चिवट, पिवळी त्याहून. पण खरा पेच पांढऱ्याचा निघाला. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि लेझरखाली ती करडी-काळी पडू शकते. म्हणजे पिवळं तोंड काढायला जावं आणि काळं तोंड घेऊन यावं. शिवाय सावळ्या कातडीवर पांढरे-काळे डाग उमटण्याची भीती. डॉक्टरांनी १०६४ नॅनोमीटरचा लेझर आपल्या कातडीला त्यातल्या त्यात सोसतो म्हणून सांगितलं, पण बैठका दीड-दोन महिन्यांच्या अंतराने आणि किती लागतील याची हमी नाही.

मग त्याच आर्टिस्टकडे गेले. त्याने "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही, फक्त भुवया वर केल्या. ठरलं ते असं: तोंडाला अजिबात हात लावायचा नाही. मागे काळ्या-जांभळ्या पत्त्यांचा ढीग, म्हणजे पिवळट तोंड त्यापुढे उजळ वाटेल. केसांतली टकलं गडद हिरव्याने भरायची, डोळ्याखालची गिचमिड सरळ काळी सावली करून टाकायची. हसण्याचं मात्र काही होत नाही, ते दंडाच्या घडीवर आहे. आउटलाइन डिसेंबरमध्ये झाली, शेडिंगची तारीख जानेवारीतली घेतलीय. तोवर पूर्ण बाह्यांचे कुर्ते, आणि बरं झाल्यावर उन्हात जाताना किमान एसपीएफ ३०चं सनस्क्रीन. ते गेली तीन वर्षं मी एकदाही लावलं नव्हतं.