गर्भात ओपिऑइडचा संपर्क आलेलं बाळ ओपीडीत येतं तेव्हा

एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) विथड्रॉवल, म्हणजे गर्भात मिळत राहिलेली ओपिऑइड (अफूवर्गीय औषधं) जन्मानंतर अचानक तुटल्याने होणारा त्रास, सांभाळून बाहेर पडलं की वाटतं, ही बाळं आता आपल्याला कळली. त्या लक्षणांना गुण देणारा फिनेगन स्कोअर पाठ झालेला असतो. बाळ नीट पितं का, झोपतं का, दहा मिनिटांत शांत होतं का, एवढंच बघून शक्यतो मॉर्फिन टाळायची नवी पद्धतही हातात बसलेली असते. तिच्यावरचा 26 रुग्णालयांतला अमेरिकी अभ्यास 2023 मध्ये छापून आला. त्यात बाळं घरी सोडण्याजोगी व्हायला सरासरी 14.9 दिवसांऐवजी 8.2 दिवस लागले. उत्तमच. पण ओपीडीवाल्यासाठी याचा अर्थ असा की बाळ लवकर समोर येणार, आणि तेव्हा त्याचा त्रास पुरता संपलेला नसणार.

चिडचिड, तुटक झोप, ताठरलेले हातपाय, दूध पिताना होणारी धांदल हे सगळं काही महिने रेंगाळू शकतं. लंगोट सोडला की हनुवटी थरथरते, मुठी आवळल्या जातात आणि आई तुमच्या तोंडाकडे बघत बसते. तिला आधी सांगा की हे ओसरतं. मंद उजेड, छातीशी धरणं, थोडं-थोडं पण वारंवार दूध, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. वजन मात्र लवकर-लवकर बघा, भरत नसेल तर दुधातल्या कॅलरी वाढवा. आणि ताप, सुस्ती, झटके ‘विथड्रॉवलच असेल’ म्हणून खपवू नका. सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्गही असाच दिसतो.

आता हेपॅटायटिस सी, म्हणजे आईकडून बाळाला होऊ शकणारा यकृताचा विषाणूसंसर्ग. माझी सगळ्यात जास्त झोप या एका तपासणीने उडवली आहे, म्हणून सविस्तर सांगते. आम्हाला शिकवलं होतं की आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाची अँटीबॉडी 18 महिन्यांनी करायची. कारण बरोबर होतं, आईच्या अँटीबॉडी बाळात तोवर टिकतात. पण दीड वर्षात काय काय होतं? बाळ आजीकडे जातं, कुणी दत्तक घेतं, डॉक्टर बदलतात, डिस्चार्ज कार्ड हरवतं. बाळ तर ठणठणीत दिसतं, मग आठवण कुणाला होणार? त्यात कुणीतरी मध्येच सहाव्या महिन्यात अँटीबॉडी करून ठेवतं, ती पॉझिटिव्ह येते (येणारच, ती आईची असते) आणि घरात रडारड होते. 2023 पासून अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेची शिफारस सरळ आहे: 2 ते 6 महिन्यांच्या दरम्यान एकदा आरएनए, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू आहे का, ते तपासा. निगेटिव्ह आली की विषय संपला. पॉझिटिव्ह आली तर तज्ज्ञाकडे पाठवा, गोळ्यांचे उपचार तीन वर्षं पूर्ण झाल्यापासून मिळू शकतात. ही वेळ चुकली तरी 17 महिन्यांपर्यंत आरएनएच करायची, अँटीबॉडी त्यानंतर. नाळेच्या रक्तावर ही तपासणी करू नका. संसर्ग साधारण शंभरात सहा बाळांना होतो, म्हणजे बहुतेक आयांना तुम्ही चांगलीच बातमी देणार आहात. फक्त डिस्चार्ज कार्डावर आईचा रिपोर्ट नसेल तर ‘नसेल काही’ असं धरू नका. फोन करा आणि मागवा. दोन महिने पूर्ण झाल्यावरच्या पहिल्याच लसीकरणाच्या फेरीला रक्त घ्या, कुटुंब तेव्हा हमखास येतं.

माझं ठाम मत: तयार टेम्प्लेट या बाळांच्या कामाचं नाही. त्यात टिकमार्क पडत जातात आणि आईकडे कुणी बघत नाही. तिच्याशी कसं बोलायचं ते मी सिनिअरपेक्षा लसीकरणाच्या सिस्टरांकडून जास्त शिकले. त्या आधी बाळाचं कौतुक करतात, मग हळूच विचारतात, ‘तुमचं औषध चालू आहे ना ताई? पुढची तारीख कधीची?’ आईच्या व्यसनावरच्या औषधाचा हा प्रश्न ओपीडीतल्या निम्म्या तपासण्यांइतका मोलाचा आहे, कारण बाळंतपणानंतरच्या वर्षात, विशेषतः उत्तरार्धात, आईला ओव्हरडोसचा धोका वाढतो. घरात ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन आहे का, हेही विचारा.

मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधांवर स्थिर असलेल्या आईला स्तनपान बंद करायला सांगणारे डॉक्टर अजून भेटतात. राग येतो. दुधातून औषध फार कमी जातं, स्तनपानाने विथड्रॉवल सौम्य होतं. हेपॅटायटिस सी असला तरी पाजता येतं, फक्त स्तनाग्रं चिरून रक्त येत असेल तर तेवढ्यापुरतं थांबायचं. पुढे सोडवायचं तेही हळूहळू.

बाकीचं थोडक्यात. तिरळेपणा आणि डोळ्यांची थरथर या मुलांत जास्त आढळते, शंका आली की नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा. डोक्याचा घेर दर वेळी मोजा. विकासात मागे पडलं तर सगळं खापर ओपिऑइडवर फोडू नका, गर्भारपणातल्या दारू-तंबाखूबद्दलही विचारा. एनआयसीयूत मॉनिटर लावून पालथं झोपवलेलं बाळ घरी उताणंच झोपलं पाहिजे. आईचं औषध कुलपात ठेवलंय का, हे बाळ रांगायच्या आत विचारून घ्या, आणि चालायला लागलं की परत एकदा.