छोटं पिस्तूल घेताना आधी मूठ बघा

अमेरिकेत परवाना घेऊन कपड्यांआड पिस्तूल बाळगायचं असेल, तर दुकानात नळीची लांबी मोजत बसू नका. नळी कमरपट्ट्याखाली दडते. शर्टातून उठून दिसते ती मूठ. तीच आधी हातात धरून बघा. करंगळी हवेत राहत असेल, तर मॅगझिनच्या (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीच्या) तळाला जोडतुकडा लावता येतो, पण तेवढीच मूठ लांबते. मूठ छोटी म्हणजे गोळ्या कमीच, असं मात्र नाही. २०१५ च्या ग्लॉक ४३ या छोट्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये ६ गोळ्या बसायच्या. २०१८ च्या सिग पी३६५ मध्ये १० बसतात.

पिस्तूल जितकं हलकं तितका झटका मोठा. म्हणून रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) भाड्याने घेऊन चालवल्याशिवाय विकत घेऊ नकाच.

होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) कडक आणि चाप पूर्ण झाकणारं हवं. पर्समध्ये किंवा खिशात सुटं पिस्तूल कधीही नको, आणि घरी आल्यावर ते कुलपात.

आपल्या मराठी मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-१बी व्हिसावर असाल, तर मोजके अपवाद सोडता संघीय कायदा बंदूक बाळगूच देत नाही. शिवाय टेक्सासचा परवाना कॅलिफोर्नियात चालत नाही.