खान्देशात बदली झालीय? घर शोधताना या चुका टाळा

बदलीचे आदेश बहुतेक एप्रिल-मेमध्ये निघतात, शाळा जूनमध्ये उघडतात. मधल्या काही दिवसांत माणूस जळगाव, धुळे, भुसावळ नाहीतर नंदुरबारला एक चक्कर मारतो, दोन-तीन घरं बघतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. बँकवाले, रेल्वेवाले, महावितरणचे इंजिनिअर, प्राध्यापक, सगळ्यांचं असंच चालतं. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्नही एकच असतो: "इकडे सेफ एरिया कोणता?" उत्तर लगेच मिळतं. घोळ तिथूनच सुरू होतो.

चूक पहिली: एरियाचं नुसतं नाव विचारणं

जळगावात विचारा; महाबळ, गणेश कॉलनी, रिंगरोड ही नावं चहा संपायच्या आत कानावर पडतील. धुळ्यात कुणीही देवपूर म्हणेल. ही नावं चुकीची नाहीत, पण फार मोठी आहेत. देवपूर म्हणजे पांझरेपलीकडचं जवळजवळ अर्धं शहर. त्यात नदीकाठच्या गल्ल्या आल्या, जुन्या भरवस्तीच्या कॉलन्या आल्या आणि पार टोकाला चार घरांनंतर मोकळे प्लॉट असलेले नवे लेआउटही आले. जळगावातल्या पिंप्राळ्याचंही तेच: जुनं गाव वेगळं, भोवतीच्या कॉलन्या वेगळ्या. खान्देशातल्या शहरांत गल्ली बदलली की रात्रीचं चित्र बदलतं. म्हणून प्रश्न गल्लीचा विचारायचा.

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. "वस्ती चांगली आहे" असं कुणी सांगितलं की त्याचा अर्थ पुष्कळदा "आपल्या लोकांची आहे" एवढाच असतो. आडनाव विचारून, समाजाचा अंदाज घेऊन मग एरिया सुचवला जातो. सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण त्या सल्ल्यात दिवाबत्ती नसते, चोऱ्या नसतात, नाला नसतो. मी तरी असल्या सल्ल्याला सुरक्षेचा सल्ला मानत नाही.

त्यापेक्षा घराच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, काहीतरी विकत घ्या आणि साधे प्रश्न टाका. भाऊ, दुकान रात्री किती वाजता बंद करता? गेल्या वर्षात या गल्लीतून कुणाची मोटरसायकल गेली का? तुमच्या घरच्या बाया रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला निघतात का? दुकानदार, दूधवाला आणि इस्त्रीवाला यांना जे माहीत असतं ते एजंटाला माहीत नसतं. माहीत असलं तरी तो सांगत नाही.

आकडे बघायची सवय असलेल्यांसाठी एक मार्ग आहे. देशाच्या वार्षिक गुन्हे अहवालात स्वतंत्र तक्ते असतात ते वीस लाखांवरच्या महानगरांचे. त्यात आपली शहरं नाहीत. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. संवेदनशील गुन्हे वगळून. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडल्या की यादी येते. ही यादी मोजू नका, वाचा. जळगावच्या एमआयडीसी पोलीस ठाण्याची हद्द अवाढव्य, त्यामुळे तिथे संख्या मोठीच दिसणार. रामानंदनगर किंवा जिल्हापेठच्या यादीशी तिची तुलना करून काही हाती लागत नाही. बघायचं ते हे: तुमच्या कॉलनीचं नाव येतं का, आणि येतं तेव्हा बंद घर फोडल्याचं असतं, गाडी लांबवल्याचं असतं की हाणामारीचं.

चूक दुसरी: घर मे महिन्यात, भर दुपारी बघणं

मेमध्ये नाला नाला वाटत नाही. पोरं त्यात क्रिकेट खेळत असतात, कडेला बाभळी असतात, एजंट सांगतो "समोर ओपन स्पेस आहे साहेब". जुलैत ती ओपन स्पेस वाहायला लागते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात डोंगरी आणि तितूर या दोन नद्यांनी रातोरात घराघरांत, दुकानांत पाणी घातलं. एरवी वर्षातले बरेच महिने त्या नद्यांकडे कुणी वळूनही पाहत नाही. धुळ्यात अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं की पांझरा फुगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिने काठच्या रस्त्यांची आणि पुलांची जी दैना केली ती धुळेकर अजून सांगतात. जळगावात लेंडी नाल्याच्या बाजूला घर बघत असाल तर कंपाउंडच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर मातकट रेघ आहे का ते पाहा. नवा रंग फक्त खालच्या दोन फुटांनाच मारला असेल तर शेजाऱ्याला कारण विचारा.

पावसाळ्याचा दुसरा मुद्दा काळ्या मातीचा. इथले बरेच लेआउट मुळात शेतं. एनए (बिगरशेती) झालं, प्लॉट पडले, घरं उभी राहिली, रस्ता राहिला. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी टणक, भेगाळलेली. दोन पाऊस झाले की टू-व्हीलरच्या मडगार्डात चिखल असा बसतो की चाक फिरत नाही. रिक्षावाला मेन रोडवरच सांगतो, "आत नाही येनार भो." म्हणजे रात्री नऊला स्टेशनवरून आलेल्या बाईने शेवटचा टप्पा अंधारात, चपला हातात घेऊन चालायचा. अॅम्ब्युलन्सचीही तीच गत. घर कितीही सुंदर असो, दारापर्यंत डांबर किंवा काँक्रीट नसेल तर मी ते एकट्या राहणाऱ्याला सुचवणार नाही.

म्हणून टोकन देण्याआधी एक फेरी रात्री साडेनऊ-दहाला मारा. पायी. खांब किती यापेक्षा दिवे किती लागलेत ते बघा.

चूक तिसरी: उन्हाळा म्हणजे फक्त गैरसोय समजणं

पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना हे आधी पटत नाही, पण खान्देशात घराच्या सुरक्षेचा निम्मा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये ४५ च्या पुढे जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेलाच असतो, त्यात वीज गेली की घरात बसवत नाही. मग सगळं घर गाद्या घेऊन गच्चीवर. खाली दाराला कडी किंवा एक कुलूप. एप्रिल-मेमधली कुठलीही स्थानिक बातमीची पानं चाळा: "कुटुंब गच्चीवर झोपलेले, चोरट्यांनी घर फोडले" ही बातमी ठरलेली. चोरांनाही कॅलेंडर पाठ आहे.

घर बघताना जिना कुठून आहे हे म्हणून महत्त्वाचं. जिना घराच्या आतून असेल तर उत्तम. बाहेरून, कंपाउंडच्या कडेने असेल तर गच्चीवर जाताना जिन्याला ग्रिलचं दार आहे का, आणि खालचं मुख्य दार आतून बंद करून वर जाता येतं का, हे तपासा. मागच्या बोळात उघडणारं संडास-बाथरूमचं दार आणि खिडकीचे गज हातानं हलवून बघा. जुन्या घरांत गज लाकडी चौकटीत नुसते ठोकलेले असतात.

सुट्टीत गावी जाताना दारावर मोठं पितळी कुलूप लटकवणं म्हणजे घरात कुणी नाही याची पाटी लावणं. लॅच बसवायला घरमालकाची परवानगी मागा, बहुतेक देतात. सोनं लॉकरमध्ये. सराफी पेठेच्या गावात राहून लोक दिवाळीचे दागिने कपाटातच ठेवून लग्नाला जातात, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

आणि कूलर. चोरीची भीती सगळ्यांना असते, कूलरची कुणालाच नसते. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, लोखंडी बॉडीला ओला हात, आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. दर उन्हाळ्यात खान्देशात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. भाड्याच्या घरात थ्री-पिन सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. तिसऱ्या भोकामागे वायरच नसलेली घरं पुष्कळ. राहायला जाण्याआधी ओळखीचा इलेक्ट्रिशियन घेऊन जा. तो टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला, दुसरी अर्थला लावतो. दिवा पूर्ण पेटला नाही तर अर्थिंग कामाचं नाही. बोर्डात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर अर्थिंग ठीक असताना दिव्याऐवजी तोच पडेल, आणि तेही चांगलंच लक्षण. आरसीसीबी नसेल तर मालकाशी बोलून बसवून घ्या, अगदी खर्च अर्धा-अर्धा करावा लागला तरी. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढायची, हा नियम घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही माहीत हवा.

पाण्याबद्दल थोडक्यात. रोज नळ येईल हे गृहीत धरू नका. जळगावला वाघूर धरणाचं पाणी दिवसाआड, धुळ्यात त्याहून लांबची गॅप सोसलेली माणसं भेटतील. आपल्या गल्लीत पाणी कोणत्या वेळी येतं ते विचारा. रात्री दीडला येत असेल आणि मोटर अंगणात असेल, तर एकट्या बाईसाठी तो पाण्याचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. जमिनीतल्या टाकीवर झाकण आहे ना, तेही तेव्हाच पाहून घ्या.

चूक चौथी: ऑफिसचं अंतर किलोमीटरमध्ये मोजणं

सुरत-नागपूर महामार्ग, जुना सहा नंबर आणि आताचा ५३, जळगावात वस्तीच्या मधून जातो. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली ती हौसेनं नाही. घर महामार्गाच्या एका बाजूला आणि मुलांची शाळा दुसऱ्या बाजूला असेल तर नकाशावरचे आठशे मीटर विसरा; ट्रकच्या रांगेतून रोज दोनदा ओलांडायचं आहे. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. माझ्या मते इथे नोकरदाराला सगळ्यात मोठा धोका चोराचा नसून संध्याकाळी साडेसहाला टू-व्हीलरवर महामार्गाने परतण्याचा आहे. म्हणून भाडं हजार रुपयांनी जास्त पडलं तरी ऑफिसच्या बाजूचं घर घ्या. कामाचं ठिकाण जळगावच्या एमआयडीसीत असेल तर अजिंठा चौफुलीचा चौक ऑफिस सुटायच्या वेळी स्वतः पार करून बघा आणि मग ठरवा.

जळगाव-भुसावळ साधारण पंचवीस किलोमीटर. अपडाऊन करणारे शेकड्याने आहेत आणि रेल्वेचा पास काढून सुखात आहेत. रात्रपाळी असेल तर मात्र अपडाऊनच्या भानगडीत पडू नका. रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातल्या लोकांना क्वार्टर मिळत असेल तर "जुनं आहे" म्हणून लगेच नाकारू नका. फक्त कुठल्या लाइनीत मिळतंय ते बघून या, कारण काही लाइनी भरलेल्या आणि काही निम्म्या रिकाम्या असतात.

चूक पाचवी: "अकरा महिन्यांचं आहे, नोटरी पुरे"

पुरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत अकरा महिने असली तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. आणि करार नोंदवलेलाच नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे वाक्य मालकाला गोड आवाजात एकदा सांगा. "काका, तुमच्याच फायद्याचं आहे" म्हटलं की गाडी पुढे सरकते. ऑनलाइन नोंदणी होते, एजंट घरी मशीन घेऊन येतो आणि बोटांचे ठसे घेऊन जातो.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणंही मालकाचं काम, पण आठवण तुम्हीच करा. जो मालक यात टाळाटाळ करतो त्याच्या वरच्या मजल्यावर आणखी कोण राहतं याचीही नोंद कुठे नसणार.

राहायला गेलात, आणि आता बिनसलंय?

गाडी चोरीला गेली तर नुसता अर्ज देऊन पोच घेऊन परत येऊ नका. विम्याला एफआयआर लागते. "आधी शोधून बघा, मग बघू" असं ऐकावं लागलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १७३ लक्षात ठेवा: खबर ऑनलाइन देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची, आणि हद्द कुठलीही असली तरी ठाण्याला ती नोंदवून घ्यावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. आणि पुढच्या गाडीच्या डिकीत मूळ कागदपत्रं ठेवू नका.

गल्लीत अंधार असेल तर खांबाचा नंबर टिपून महापालिकेत लेखी तक्रार द्या, एकट्याने नाही, पाच घरांच्या सह्यांनी. नगरसेवकाला "दादा, तुमच्या वॉर्डात" अशी सुरुवात असलेला फोटोसकट व्हॉट्सअॅप टाकला तर काम लवकर होतं, हेही खरंच. वायर लोंबत असेल किंवा डीपीतून ठिणग्या पडत असतील तर महावितरणचा १९१२. बाकी कसलीही भीती वाटली तर ११२, आणि फोन करताना जवळच्या मंदिराचं किंवा दुकानाचं नाव सांगा. नव्या लेआउटचे प्लॉट नंबर गाडीवाल्या पोलिसांनाही सापडत नाहीत.

एवढं करूनही घर जमलं नाही तर सोडा. त्यासाठी करार करतानाच लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि नोटीस एक महिन्याची लिहून घ्या. डिपॉझिट कधी आणि कशातून किती कापून परत मिळणार हे वेगळ्या कलमात हवं. आत जाताना प्रत्येक खोलीचा, नळाचा आणि भिंतीच्या ओलीचा व्हिडिओ काढून मालकाला त्याच दिवशी पाठवून ठेवा, म्हणजे निघताना रंगाच्या पैशावरून वाद होत नाही. दुसरं घर शोधायचं असेल तर ते पावसाळ्यात शोधा.