रडारवर साडेचार मैलांवर जमीन, समोर मात्र नुसता समुद्र

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या पश्चिमेला 43 सागरी मैलांवर आमचा ट्रॉलर (मासेमारीची बोट). मार्चची संध्याकाळ, निरभ्र. रडार 6 मैलांच्या रेंजवर (पडद्यावर दिसणारा टप्पा), पूर्वेला साडेचार मैलांवर जाड एको (आदळून परतलेल्या लहरीची खूण), आमच्याकडे टोक केलेल्या पाचरीसारखा. डोळ्यांना काही नाही. रात्री पहाटेपर्यंत तसाच.

गेन (रडारची संवेदनशीलता) कमी केला, लाटांचे आणि पावसाचे एको दाबणारी सी क्लटर, रेन क्लटर ही बटणं फिरवून पाहिली. बंदरात स्कॅनरवरचं (रडारच्या फिरत्या अँटेनावरचं) मीठ गोड्या पाण्याने धुतलं. मेकॅनिकने मॅग्नेट्रॉन (रडारच्या लहरी तयार करणारा भाग) बदलायला सांगितला, तोही बदलला. एको तिथेच, तांडेल (बोटीचे प्रमुख) मलाच वेड्यात काढायला लागले.

शेवटी हे केलं. रेंज 6 वरून 24 केली: एको गायब. मग 48 केली: तोच एको 43 मैलांवर. म्हणजे तो आमचाच किनारा!

हिशेब असा: छोट्या रेंजवर आमचं रडार सेकंदाला 2100 पल्स (लहरींचे ठोके) सोडतं, म्हणजे दोन पल्सच्या मधल्या वेळात साडेअडतीस मैलांपर्यंत जाऊन परत येण्याचीच सोय. त्यापलीकडून परतलेला एको पुढच्या पल्सचा समजला जातो. 43 वजा साडेअडतीस, साडेचार. मोठ्या रेंजवर पल्स 600, सोय 135 मैलांची, म्हणून किनारा खऱ्या जागी, 43 वर; 24 च्या रेंजमध्ये तो मावतच नाही. एरवी इतक्या लांबून किनारा दिसत नाही. पण जमिनीवरची कोरडी, गरम हवा समुद्राच्या दमट, थंड हवेवर पसरली की लहरी वाकून पाण्यालगत लांब जातात.

आता मेन्यूत असे उशिरा परतलेले एको गाळणारं 'सेकंड एको रिजेक्शन' चालू ठेवतो. शंका आली की आधी रेंज बदलायची. एकोचं मैलांमधलं अंतर बदललं तर एको खोटा. जुना मॅग्नेट्रॉन जपून ठेवलाय, चांगलाच होता.